माधवराव-रमाबाईंना विसरू नका

ताई, मराठी कादंबऱ्यांतल्या आवडत्या जोड्यांबद्दल तुम्ही लिहिलेलं वाचलं. खांडेकरांच्या 'ययाति'तली शर्मिष्ठा तुमची आवडती, हे अगदी पटलं. पण त्यात रणजित देसाईंच्या 'स्वामी'तले पेशवे माधवराव आणि त्यांची पत्नी रमाबाई नाहीत, असं कसं चालेल?

माधवरावांनी आमच्या नागपूरच्या जानोजी भोसल्यांना नमवून १७६९ मध्ये कनकापूरचा तह करायला लावला. तरी माझी मावशी, जन्म नागपूरच्या महाल भागातला, भोसल्यांच्या वाड्याजवळच राहणारी, या जोडीवर जीव टाकते. तिच्या 'स्वामी'च्या प्रतीतली थेऊरची, म्हणजे माधवरावांच्या अखेरच्या दिवसांची, पानं हाताळून हाताळून सुटी झाली आहेत.

माधवरावांना सोळाव्या वर्षी पेशवाई, सत्ताविसाव्या वर्षी क्षयानं मृत्यू. मधल्या काळात मोहिमा, दरबार, काका राघोबादादांशी भाऊबंदकी. यातून नवरा-बायकोच्या वाट्याला उरतं ते किती? देसाईंनी तेवढंच जीव ओतून लिहिलंय. रमाबाईंच्या सती जाण्यावर लोक रडतात. मला तो शेवट सहन होत नाही, आणि प्रेमाचा पुरावा म्हणून तर मुळीच पटत नाही नं! आजारी नवऱ्यासाठी जीव तुटणारी, जिवंत रमाच मला जवळची वाटते.

आणि हो, वपुंच्या 'पार्टनर'मधले श्री आणि किरणही हवेतच.