बालाक मोठ्या सामन्यात गायब? नाही पटलं

वर कुणीतरी लिहिलंय की जर्मनीचा फुटबॉलपटू मिखाएल बालाक मोठ्या सामन्यात गायब व्हायचा. अहो, २००२ चं सोल आठवा! वर्ल्डकपची उपांत्य फेरी, यजमान कोरियाविरुद्ध ०-०. ७१व्या मिनिटाला ली चुन-सू सुसाट निघालेला. बालाकने त्याला बॉक्सच्या तोंडाशीच आडवा केला. आधीचं एक पिवळं कार्ड होतंच, त्यात हे दुसरं, म्हणजे बंदी आणि फायनल हुकली. तरी चारच मिनिटांनी नॉयव्हिलच्या पासवर पहिला फटका गोलकीपरने अडवला, तर परत आलेला चेंडू याने डाव्या पायाने आत ढकलला. १-०. ज्या फायनलला आपण नसणार, तिथे संघाला पोचवलं की राव!

२००८ मध्ये मॉस्कोला चॅम्पियन्स लीगच्या फायनलमध्ये त्याचा तेव्हाचा क्लब चेल्सी पेनल्टी शूटआउटमध्ये हरला, पण त्यांची पहिली पेनल्टी यानेच मारली, गोलही झाला. पुढच्याच महिन्यात जर्मनीकडून खेळताना व्हिएन्नातली युरो फायनलही गेली. दुर्दैवी म्हणा हवं तर. आणि रिकाम्या हाताचाही नव्हे, बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची लीग, चारदा जिंकलाय.

हां, २००० चा उंटरहाखिंग क्लबविरुद्धचा लीग सामना काढलात तर मात्र गप्प बसतो. त्याच्या तेव्हाच्या क्लबला, लेव्हरकूझेनला, विजेतेपदासाठी नुसती बरोबरी हवी होती आणि पठ्ठ्याने स्वयंगोल केला.