जॅझ वादकावरचा लेख चांगला आहे, हे ओळखायचं कसं?

दांडियाबाजारकर
नमस्कार मंडळी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही सात-आठ जण माझ्या घरी जमून गाणं ऐकतो. बहुतेक वेळा ख्यालच असतो, पण या खेपेला मी हट्टाने थेलोनियस मंक हा अमेरिकन जॅझ पियानोवादक ठेवलाय. ऐकवण्याआधी त्याच्यावरचा एखादा लेख मराठीत सांगावा असं मनात आहे. पस्तीवाल्याकडे जुन्या इंग्रजी मासिकांचा गठ्ठा मिळाला, त्यात मंकवर दोन लेख निघाले. एक चांगला अकरा पानी: त्याच्या तऱ्हेतऱ्हेच्या टोप्या, त्याचा अबोलपणा, साथीदार वाजवत असताना उठून पियानोपाशी गिरक्या घेणं. वाचताना रंगून गेलो, पण मासिक मिटल्यावर त्याच्या वाजवण्याबद्दल हाताला काही लागलं नाही. दुसरा जेमतेम दीड पानाचा, कोरडा, पण मन तिथेच रेंगाळतंय. का, ते मला धड सांगता येत नाही. मी पेटी वाजवतो, जॅझ शिकलेलो नाही.

हे मला लागतं, त्याला कारण आहे. माझ्या गुरुजींनी एका बैठकीत जयजयवंती राग पाऊण तास मांडला होता. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, ‘देस रागाने रसिक मंत्रमुग्ध.’ उरलेल्या बातमीत दीपप्रज्वलन कोणी केलं, शाल कोणी दिली. गुरुजी काही बोलले नाहीत, कात्रण घडी करून वहीत ठेवलं. आता दुसऱ्या कुणाच्या वादकाबद्दल बोलताना माझ्या हातून तसंच व्हायला नको. तुम्ही लेख कसा पारखता?

ठेका_धरा
काका, मी तबल्याचा माणूस. माझी कसोटी एकच: लेख वाचून झाल्यावर तीच रेकॉर्ड परत लावायची. आधी कानाला न लागलेलं काही आता ऐकू येतं का? आलं, तर लेख खरा.

तुमच्या मंकचंच घ्या. ‘स्ट्रेट, नो चेसर’ ही त्याची रचना ‘ब्लूज’ या प्रकारातली, बारा ‘बार’ची. बार म्हणजे तालाचा एक विभाग. एका बारमध्ये चार मात्रा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं आवर्तन धरा. सगळी धून एका चिमुकल्या, वर चढणाऱ्या तुकड्यावर उभी आहे. तोच तुकडा मंक दर वेळी वेगळ्या मात्रेवरून उचलतो, कधी त्याची शेपटी लांबवतो. ऐकणाऱ्याला वाटतं चुकला, आणि तो बरोबर जागेवर येतो. आपल्याकडे मुखडा वेगवेगळ्या मात्रांवरून उचलून समेवर आणतात, त्याची जवळची गोष्ट. हे ज्याने लिहिलं त्याने ऐकलंय. ‘मंकचे विक्षिप्त सूर’ लिहून जो पुढे गेला, त्याने ऐकलंय की नाही ते कळायला मार्ग नाही.

दुसरं उदाहरण गुंथर शूलर या अमेरिकन संगीतकार-समीक्षकाचं. १९५८ साली ‘द जॅझ रिव्ह्यू’ मासिकात त्याने सॅक्सोफोनवादक सोनी रोलिन्सच्या ‘ब्लू सेव्हन’ या रेकॉर्डिंगवर लिहिलं. सुरुवातीच्या धुनेतले थोडेसे स्वर घेऊन रोलिन्स सगळा विस्तार कसा बांधत नेतो, ते स्वरलिपी देऊन दाखवलं. वाचायला जड आहे, पण रेकॉर्ड शेजारी लावून वाचा.

मांडवीची_वाचक
ठेका_धरा म्हणतात ते पटलं, पण अर्धंच. माणूस वगळून नुसते सूर मोजणं हाही एक प्रकारचा आळसच. मी मंकवरच्या लेखात आधी एक गोष्ट शोधते: कॅबरे कार्ड.

त्या काळी न्यूयॉर्कमध्ये दारू मिळणाऱ्या क्लबात वाजवायचं, तर पोलिसांनी दिलेलं हे कार्ड लागायचं. १९५१ मध्ये मंक आणि त्याचा पियानोवादक मित्र बड पॉवेल गाडीत असताना पोलिसांना अमली पदार्थ सापडले. मंकने मित्राविरुद्ध तोंड उघडलं नाही. शिक्षा भोगलीच, वर कार्डही गेलं. १९५७ मध्ये ते परत मिळालं आणि ‘फाइव्ह स्पॉट’ या तिथल्या क्लबात सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनला घेऊन तो बसला, तोवर ऐन उमेदीची सहा वर्षं स्वतःच्याच शहरातले क्लब त्याला बंद होते. काका, तुमच्या अकरा पानी लेखात हे आहे का बघा. टोप्यांना जागा आहे आणि याला नाही, तर त्या अबोलपणाचं कौतुक मला नको. १९६४ च्या फेब्रुवारीत तो ‘टाइम’ या अमेरिकन साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकला. आर्मस्ट्राँग, ब्रूबेक, एलिंग्टन या जॅझ कलावंतांनंतरचा हा मान, पण विक्षिप्तपणाचं वलय त्यानंतरही सुटलं नाही.

जुना_वाचक
मी लेखाची तारीख आधी बघतो, आणि त्यानंतर त्याच मासिकाने काय छापलं तेही. ‘डाउनबीट’ हे शिकागोचं जॅझ मासिक १९३४ पासूनचं, वजनदार. त्यातच १९६१ च्या अखेरीस समीक्षक जॉन टायननने कोल्ट्रेन आणि त्याचा साथीदार एरिक डॉल्फी यांच्या वाजवण्याला ‘अँटी-जॅझ’, म्हणजे जॅझविरोधी, म्हटलं. पण १९६२ मध्ये त्याच मासिकाने दोघांना बसवून त्यांचं म्हणणं छापलं. चूक कुणाचीही होते. ज्याच्यावर लिहिलं त्याला बोलायला जागा दिली की नाही, मासिकाची पत मी त्यावरून ठरवतो.

दांडियाबाजारकर
सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, अकरा पानं परत चाळली. कार्डाचा उल्लेख एका वाक्यात आहे, तोही ‘काही काळ तो क्लबांपासून दूर राहिला’ असा. जणू स्वतःच्या मर्जीने राहिला! वाचून वाईट वाटलं.

आणि काल रात्री ‘स्ट्रेट, नो चेसर’ लावून हाताने टाळी धरली. पहिल्या दोन आवर्तनांत मीच चुकलो. तिसऱ्यांदा तो तुकडा मात्रा सोडून सरकताना स्पष्ट ऐकू आला. मग दीड पानी लेख काढला, तर तिसऱ्या परिच्छेदात हेच लिहिलेलं. आधी दोनदा वाचूनही ते माझ्या डोळ्यांखालून निसटलं होतं.

रविवारी दीड पानी लेखच सांगतो, कार्डाची हकीकत त्याला जोडून. रेकॉर्ड दोनदा लावणार, लेखाआधी एकदा आणि नंतर एकदा. ठेका_धरा, बडोद्यात असाल तर या, टाळी तुम्हीच धरा.