जुनी इमारत पाडून नवी बांधताना आधी काय तपासावे?

प्रश्न (जळगाव): आमच्या सोसायटीची तीन मजली इमारत १९८८ सालची आहे. वरच्या मजल्यावर छताचा गिलावा पोपडे धरून पडतो, जिन्यालगतच्या खांबातील गंजलेल्या सळया उघड्या पडल्या आहेत आणि पारा पंचेचाळिशीला टेकला की तिथल्या वृद्धांचे अतोनात हाल होतात. एका बिल्डरने नवी इमारत आणि प्रत्येकाला चाळीस टक्के जादा जागा देऊ केली असून बहुतेक सभासद लगेच सह्या करायला तयार आहेत. सचिव या नात्याने मी काय पाहावे?

उत्तर (धुळे): सर्वप्रथम मिळकत पत्रिका (जमिनीच्या मालकीची सरकारी नोंद, प्रॉपर्टी कार्ड) काढून जमीन कोणाच्या नावावर आहे ते पाहा. सदनिका विकल्या गेल्या, पण जमीन मूळ मालकाच्याच नावावर राहिली, असे पुष्कळ ठिकाणी आढळते. तसे असल्यास १९६३ च्या मोफा (सदनिका मालकी) कायद्यानुसार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे मालकाने स्वतः करून दिले नाही तरी जमीन सोसायटीच्या नावे होण्यासाठी, अर्ज करता येतो. शिवाय आपण ज्याला सहज सोसायटी म्हणतो, ती नोंदणीने १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालील अपार्टमेंट तर नाही ना, याचीही खात्री करा. कारण तिथे जमिनीत प्रत्येकाचा अविभक्त (वेगळा न काढलेला) हिस्सा असतो आणि सहकारी संस्थांचे नियम जसेच्या तसे लागू होत नाहीत.

उत्तर (भुसावळ): सोसायटी असेल, तर पुनर्विकासाबाबतच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयातील पायऱ्या गाळू नका. बिल्डर निवडण्याच्या सभेला दोन तृतीयांश सभासद हजर हवेत, एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती हवी आणि सभेचे चित्रीकरणही हवे. घरोघरी फिरून घेतलेल्या सह्यांना सभेतील ठरावाची किंमत नसते.

उत्तर (नाशिक, मूळ चोपडा): मला खरी चिंता त्या चाळीस टक्क्यांची वाटते. मुंबईत जादा सदनिका विकून जुन्या रहिवाशांच्या बांधकामाचा आणि भाड्याचा खर्च निघतो, कारण तिथे दरच तसे आहेत. आपल्याकडे पैसे जमले की माणूस प्लॉट घेऊन स्वतंत्र घर बांधायचे म्हणतो. मग त्या सदनिका कोण आणि किती दराने घेणार, हा हिशेब बिल्डरच्या नव्हे, तर तुम्ही नेमलेल्या वास्तुविशारदाकडून करून घ्या. हिशेब बसत नसताना इमारत पाडली, तर काम चौथऱ्यावर अडते आणि निवृत्त माणसे भाड्याच्या खोलीत अडकतात. त्याआधी स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची अभियंत्याकडून तपासणी) कराच. खांबांना जॅकेटिंग करून (भोवती नव्या सळया व काँक्रीटचा थर देऊन) इमारत टिकणार असेल, तर तो मार्गही सभेपुढे ठेवा. पाडायचेच ठरले, तर बँक हमी (बिल्डरने काम सोडल्यास पैसे देण्याची बँकेची लेखी हमी) हातात येईपर्यंत आणि भाड्याची रक्कम करारात लिहिली जाईपर्यंत कोणीही घराची किल्ली देऊ नये.