टोनी आयोमी परत ऐकताना

'ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा गिटारिस्ट आयोमी, त्याचे रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारे गिटारचे छोटे तुकडे) सोपे आहेत, त्यात स्पीड कुठेय' असं काहीजण म्हणतात, म्हणून लिहितोय. गेला आठवडाभर ब्लॅक सॅबथचे पहिले तीन अल्बम हेडफोन लावून परत ऐकले आणि मला तर उलटंच वाटलं. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात मशीनखाली उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली तेव्हा हा पोरगा १७ वर्षांचा, त्यात डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच नेमका गेला. मग प्लास्टिकची बाटली वितळवून त्या बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं, तारा हलक्या लावल्या, आणि १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी'त तर कितीतरी गाण्यांत गिटार दीड स्वर खाली उतरवली, म्हणजे ताण कमी आणि बोटांना आराम. तो जडपणा तिथूनच येतो हो, नुसत्या ॲम्पच्या (ॲम्प्लिफायरच्या) आवाजातून नाही!

१९७० च्या पहिल्या अल्बमचं पहिलंच गाणं घ्या. पाऊस, घंटा, आणि मग रिफ, सूर फक्त तीन. खालचा, त्याचाच वरच्या सप्तकातला, आणि मग तो खटकणारा तिसरा, आपल्या भाषेत सा नंतर थेट तीव्र मध्यम. त्या तिसऱ्यावर तो बोट थरथरवतो ना, तिथे अजून काटा येतो अंगावर. हे वाजवायला सोपं असेलही, पण दोन सुरांच्या मधे एवढा वेळ थांबायचं धाडस कितीजणांकडे आहे? एकदा दिवे बंद करून ऐका आणि सांगा.