मदत हवी: वागळेतला जुना गाळा, २२ लाखांची सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन). कोणत्या योजनेत बसेल?

नमस्कार मंडळी,

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आमचा भाड्याचा गाळा आहे. बाबांनी सुरू केला, आता मी बघतो. दोन लेथ, एक मिलिंग, एक ड्रिल, आणि मला धरून चार माणसं. सगळं जॉबवर्क. मुख्य गिऱ्हाईक रबाळ्याचा एक पंपवाला, त्याला पितळी बुश (दांडा ज्यात फिरतो ती नळी) देतो.

त्याने आता बोअरचा टॉलरन्स (भोकाच्या मापात चालणारा फरक) २० मायक्रॉनवर आणलाय. आमचा लेथ सकाळी ठीक चालतो, पण दुपारी तापला की बोअर सरकतो आणि नो-गो गेज (भोक मोठं झालं तरच आत जाणारं माप) सुळकन आत जातं. दर लॉटमागे पंधरा-वीस नग परत. त्यांचा क्यूसीवाला (माल तपासणारा) सरळ म्हणाला, सीएनसी घ्या, नाहीतर मला दुसरा बघावा लागेल.

टूलिंग, कॉम्प्रेसर, स्टॅबिलायझर धरून कोटेशन २२ लाखांचं आलंय. एका बँकेच्या शाखेत गेलो तर पहिलाच प्रश्न, "तारण काय?" कळव्याचा वन-बीएचके एवढंच आहे. तो गहाण टाकायला आईची तयारी नाही, आणि खरं सांगायचं तर माझीही नाही.

मग मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम वाचला. मी सर्वसाधारण गटातला, त्यामुळे शहरात अनुदान १५ टक्के, म्हणजे ३ लाख ३० हजार. बायकोच्या नावाने २५ टक्के, साडेपाच लाख. तेच ग्रामीण भागात नेलं तर तिच्या नावाने ३५ टक्के, ७ लाख ७० हजार. पण गोम अशी की युनिट नवीन हवं. आमचं तर बाबांच्या काळातलं.

एक सल्लागार भेटला. म्हणाला, "वहिनींच्या नावाने त्याच पत्त्यावर नवीन उद्यम (लघुउद्योगाची नोंदणी) काढा. पाहणीच्या दिवशी जुन्या लेथवर ताडपत्री टाका." फी ३ टक्के. आता बायको चलनं, जीएसटी, उधारीचे फोन सगळं बघते, म्हणजे अगदीच नावापुरती नाही. पण ताडपत्री काही गळी उतरेना.

मुरबाडकडच्या एखाद्या गावात जायचं म्हटलं तर माझा टर्नर दिव्याहून लोकलने येतो, तो तिकडे येणार नाही. हीट ट्रीटमेंटवाला दोन गल्ल्या सोडून आहे, शाफ्ट संध्याकाळी टाकले की दुसऱ्या दिवशी हातात. तिकडे त्याच कामाला टेम्पो करावा लागेल. ग्रामीण म्हणून जास्त मिळणारे दोन लाख वीस हजार त्यातच जातील.

सरकारचं धोरणही कळतं म्हणा. सामूहिक प्रोत्साहन योजनेत ठाण्याचा हा पट्टा विकसित म्हणून 'अ' गटात, म्हणजे सवलती सगळ्यात कमी. उद्योग मागास भागात जावेत हा हेतू, आणि तो चूक नाही. दुसरीकडे नीती आयोगाच्या आराखड्यात मुंबई महानगर प्रदेशाची अर्थव्यवस्था २०३० पर्यंत १४० अब्ज डॉलरवरून ३०० अब्जांवर न्यायचीय. नवी मुंबईचा विमानतळही झाला. या ३०० अब्जांत आमचे बुश कुठेतरी असतीलच ना? की आमच्या गाळ्याच्या जागी आयटी पार्क उठला की ती वाढ?

असो, भडास पुरे. जुन्या युनिटला मशीनसाठी सरळ मार्गाने अनुदान मिळतं का? आणि घर न अडकवता कर्ज कसं काढायचं?

*

डोंबिवलीचा भट्टीवाला: ताडपत्रीच्या फंदात पडू नका. अनुदान मंजूर झालं तरी हातात येत नसतं. बँकेत ३ वर्षं ठेव म्हणून पडून राहतं, प्रत्यक्ष पडताळणी झाली की कर्जात वळतं. तीन वर्षं ताडपत्री धरून बसणार का?

ऐरोलीकर: तारणाचं आधी. २० लाखांपर्यंत लघुउद्योगाकडे तारण मागायचंच नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यावरच्या रकमेला सीजीटीएमएसईची (तारणाऐवजी बँकेला हमी देणारा सरकारी ट्रस्ट) हमी लावा म्हणून लेखी अर्ज द्या. तोंडी विचारलंत तर तोंडी 'नाही' येतं.
आता अनुदान. तुम्ही किंवा बाबांनी कधी मुद्रा कर्ज घेतलं होतं का? केंद्राच्या पीएमईजीपीत (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) जुनं युनिट वाढवायला दुसरं कर्ज मिळतं, पीएमईजीपीतल्या किंवा मुद्रातल्या युनिटांना. अनुदान १५ टक्केच, पण जुनं युनिट जुनं म्हणूनच दाखवायचं. अटी दोन: आधीचं कर्ज मुदतीत फिटलेलं हवं आणि गेली तीन वर्षं नफा हवा.

धागाकर्ता: दादा, तुमचं वाचून पोटमाळ्यावरची ट्रंक काढली. मिलिंग मशीन मुद्रावरच घेतलं होतं! २०१८, मुद्राचा किशोर गट, ४ लाख. २०२३ ला फिटलं, नो-ड्यूजचा कागद लॅमिनेट करून ठेवलाय बाबांनी. पण कर्ज बाबांच्या नावावर, आणि २०२४ पासून जीएसटी नि उद्यम माझ्या नावावर.

ऐरोलीकर: बाबांचं उद्यम रद्द केलंत का?

धागाकर्ता: नाही, तसंच पडून आहे. कुणी सांगितलंच नाही.

ऐरोलीकर: मग तीन वर्षांचा नफा दोन पॅनमध्ये वाटला गेलाय. युनिट एकच आहे हे कागदावर दाखवावं लागेल. भाडेकरार, वीजबिल, मिलिंगचं मूळ बिल, एकाच पत्त्याचं जे सापडेल ते काढा, आणि बाबांना घेऊनच जिल्हा उद्योग केंद्रात जा.

धागाकर्ता: सोमवारी सीए आणि बाबा दोघांना घेऊन जातोय. बापाचं कर्ज आणि मुलाचं युनिट, असं इथे आणखी कुणाचं झालंय का? काय कागद लावलेत, तेवढं सांगा.