मदत हवी आहे: घरी भरलेली .२२३ काडतुसं चेंबरमध्ये पूर्ण बसत नाहीत

टेक्सासवाडी

नमस्कार मंडळी. स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरणं इथे टेक्सासात कायदेशीर आहे, हे आधीच लिहितो, म्हणजे पहिले दहा प्रतिसाद त्यावर खर्च व्हायचे नाहीत.

रायफल एआर-१५, चेंबर (नळीचा मागचा भाग, जिथे काडतूस बसतं) .२२३ रेमिंग्टन. पुंगळ्या (काडतुसाची पितळी कवचं) रेंजवरून वेचलेल्या, मिश्र; त्यात लेक सिटी या अमेरिकी दारूगोळा कारखान्याच्या लष्करी ५.५६ मापाच्या बऱ्याच. गोळी ५५ ग्रेन वजनाची एफएमजे (पूर्ण धातूचं आवरण असलेली). फुल लेंग्थ साइझिंग डाय (वापरलेली पुंगळी दाबून मापात आणणारा साचा), मग सीटिंग (गोळी बसवणं) आणि क्रिंप (पुंगळीचं तोंड गोळीभोवती आवळणं) एकाच डायमध्ये. एकूण लांबी २.२३० इंच. पुंगळ्या ट्रिम (कापून एका लांबीला) केलेल्या नाहीत.

साधारण आठातलं एक काडतूस पूर्ण आत जात नाही, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग) थोडा उघडा राहतो. जी उडतात त्यांतल्या काहींचे प्रायमर (बुडातली पेट देणारी टोपी) चपटे दिसतात.

इंग्रजी ग्रुपवर विचारलं तर तीन उत्तरं आली. एक म्हणतो हे तुझं काम नाही, दुसरा म्हणतो क्रिंप घट्ट कर, तिसऱ्याने पावडरचा एक आकडा देऊन टाकला. कोणाचं धरू?

व्हर्नियरमावशी

तिघांचंही नको. उरलेली काडतुसं बाजूला काढा, डब्यावर "मारू नये" लिहा, आणि निदान होईपर्यंत एकही उडवू नका. प्रायमर चपटे दिसतायत, ती दाब जास्त असल्याची खूण असू शकते, त्यामुळे ही नुसती अडकण्याची कटकट नाही.

पुन्हा एखादं अर्धवट अडकलं तर आधी मॅगझिन काढा, नळी सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरच्या बाहेर, आणि चार्जिंग हँडल (बोल्ट मागे ओढायची मूठ) जोरात मागे. नाही निघालं तर आखूड-लांब होणारा दस्ता पूर्ण आत ढकलून घ्या, दस्त्याची टाच जमिनीवर आपटतानाच हँडल मागे ओढा; चेहरा आणि हात नळीच्या तोंडापासून लांब. तरीही नाही निघालं तर गनस्मिथ. नळीतून सळई घालून जिवंत काडतूस ठोकायचं नाही, कोणी कितीही आत्मविश्वासाने सांगितलं तरी.

आता हे कळवा:
पुंगळीची साइझिंगनंतरची लांबी (पाच-सहा मोजा, एक नको).
गोळीला क्रिंपसाठी खाच आहे का, आणि पुंगळीचं तोंड त्या खाचेवर येतं का.
प्रायमर कुठला, साधा की मॅग्नम.
पावडरचं डब्यावरचं पूर्ण नाव, आणि चार्ज कुठल्या मॅन्युअलच्या कुठल्या आवृत्तीतून घेतला.

पावडरचा आकडा इथे लिहू नका असं नाही, लिहा. पण कोणी "एवढी घाला" असं उत्तर दिलं तर ते वापरू नका, माझं असलं तरी.

झटपट_राव

एवढं काय त्यात! फॉरवर्ड असिस्टवर (बोल्ट पुढे ढकलायचं बटण) दोन ठोसे द्या, बसतं. आणि प्रायमर चपटे होतायत तर पावडर अर्धा ग्रेन कमी करा. विषय संपला.

थाऊमास्तर

राव, पावडर कमी करायला सांगताय त्यामागची काळजी रास्त आहे. पण दोन्ही सल्ले या धाग्यावर तसेच राहिले तर उद्या शोधत आलेला नवखा तेच करेल, म्हणून खोडून काढतो. राग मानू नका.

काडतूस बसत नाही म्हणजे त्याचा कुठला तरी भाग चेंबरपेक्षा मोठा आहे. ठोसून बसवलं तर ते तितक्याच हट्टाने अडकतं आणि जिवंत काडतूस बाहेर निघत नाही.

त्याहून वाईट शक्यता लांबीची. .२२३ पुंगळीची कमाल लांबी १.७६० इंच, ट्रिम १.७५० वर. साइझिंग डायमध्ये पितळ पुढे सरकतं, म्हणून दर वेळी पुंगळी थोडी लांबते. ती मर्यादेबाहेर गेली की पुंगळीचं तोंड चेंबर संपतो तिथल्या कडेवर आदळतं आणि गोळीभोवती आवळलं जातं. पेट घेतल्यावर पुंगळीच्या मानेला (गोळी धरणारा अरुंद भाग) फुगायला जागाच नाही, गोळी सुटत नाही, दाब उसळतो. म्हणजे बसत नाही ही तक्रार आणि चपटे प्रायमर, दोन्हींचं मूळ एकच असू शकतं. तिथे ठोसा मारणं म्हणजे ती चिमट आणखी घट्ट करणं.

आणि अर्धा ग्रेन कमी, पण कशातून? टेक्सासवाडींनी आकडा लिहिलेलाच नाही.

झटपट_राव

मग फॉरवर्ड असिस्ट दिलाय कशाला?

थाऊमास्तर

मापात असलेलं काडतूस काजळीमुळे किंवा हँडल हळू सोडल्यामुळे केसभर मागे राहिलं तर बोल्ट बंद करायला. मोठं काडतूस लहान करायला नव्हे. प्रश्न योग्य आहे, बऱ्याच जणांना पडतो.

व्हर्नियरमावशी

टेक्सासवाडी, मोजमाप येईपर्यंत एक चाचणी करा. अप्पर (रायफलचा नळीसकट वरचा भाग) लोअरपासून (ट्रिगरचा खालचा भाग) वेगळा करा, बोल्ट कॅरियर बाहेर काढा. आता फायरिंग पिनच नाही, नळीचं चेंबर हाच तुमचा गेज. न बसणाऱ्या काडतुसाला काळ्या मार्करने गोळीच्या टोकापासून बुडापर्यंत रंग द्या, वाळू द्या, चेंबरमध्ये बोटाने अलगद सोडा, थोडं फिरवून काढा. नळी सुरक्षित दिशेलाच, आणि कुठेही ठोकाठोकी नाही.

रंग कुठे खरवडला ते पाहा:
गोळीच्या निमुळत्या भागावर रेघा: गोळी फार बाहेर आहे, रायफलिंगला (नळीतल्या आट्यांना) टेकते. .२२३ ची कमाल एकूण लांबी २.२६०, तुमची २.२३०, म्हणून शक्यता कमी.
पुंगळीच्या तोंडाच्या कडेवर: लांबी जास्त, ट्रिम हवं.
खांद्याच्या (अंग आणि मान यांमधल्या) उतारावर: साइझिंग डाय खांदा पुरेसा मागे ढकलत नाही.
खांदा आणि अंग जुळतात त्या कोपऱ्यावर गोल पट्टा: क्रिंप करताना पुंगळी चेपून फुगली.
बुडाजवळ: ती पुंगळी आधी ढिल्या चेंबरच्या बंदुकीत उडालेली. स्मॉल बेस डाय (बुडाकडचा भाग जास्त आवळणारी) लागेल, किंवा ती पुंगळी सरळ भंगारात.

बाजारात मिळणारा केस गेज (पुंगळीचं माप तपासायचा साचा) घेतलात तर एवढं लक्षात ठेवा की काही गेज फक्त खांदा आणि लांबी तपासतात, अंगाची जाडी नाही. त्यात "पास" झालेलं काडतूस चेंबरमध्ये नापास होऊ शकतं.

टेक्सासवाडी

मोजलं. पुंगळ्यांची लांबी १.७५४ पासून १.७६८ पर्यंत. रंग बहुतेकांवर खांद्याच्या खालच्या कोपऱ्यात गोल पट्ट्यासारखा निघाला, काहींवर तोंडाच्या कडेवर. गोळीला खाच आहे, पण तोंड खाचेपर्यंत पोचत नाही, खाच थोडी बाहेरच राहते. प्रायमर साधे स्मॉल रायफल. पावडर ४८९५, आकडा ग्रुपवरच्या एका पोस्टमधून घेतलेला.

थाऊमास्तर

उत्तर तुमच्याच मोजमापात आलं.

क्रिंप खाचेत पडत नाहीये. तोंडाला आत वळायला जागा नसली की डायचा जोर मानेतून खाली जातो आणि पितळ जिथे कमजोर तिथे, म्हणजे खांद्याच्या कोपऱ्यात, चेपतं. डोळ्याला दिसतही नाही. दोन-तीन थाऊचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फुगवटा बोल्ट अडवायला पुरतो. त्यात लांबी १४ थाऊने कमी-जास्त, म्हणजे त्याच डाय-सेटिंगवर लांब पुंगळीला जास्त क्रिंप, आखूड पुंगळीला कमी. म्हणून आठातलंच एक अडकतं, सगळी नाही. ज्यांनी क्रिंप घट्ट करायला सांगितलं त्यांचं ऐकलं असतंत तर आठातली चार अडकली असती.

क्रम असा ठेवा. साइझ, मग ट्रिम सगळ्या १.७५० वर, मग तोंड आतून-बाहेरून चॅम्फर-डीबर (कडा घासून साफ). गोळी खाचेच्या मध्यापर्यंत बसवा. या प्रकारच्या गोळीला ते साधारण २.२०० च्या आसपास येतं, पण तुमच्या गोळीसाठी मॅन्युअलमध्ये दिलेली लांबी अंतिम. सीटिंग आणि क्रिंप दोन वेगळ्या फेऱ्यांत करा. आधी डायचा बॉडी वर उचलून नुसतं सीटिंग. मग सीटिंग स्टेम (गोळी ढकलणारा दांडा) मागे घेऊन बॉडी खाली आणत अगदी हलका क्रिंप. एआरमध्ये गोळी मागे ढकलली जाऊ नये एवढ्याचसाठी तो हवा, आणि ते काम मुख्यतः मानेची पकड करते.

साइझिंग डायबद्दल: ७/८-१४ (इंचाला १४) आट्यांची डाय एका पूर्ण फेऱ्यात ७१ थाऊ सरकते. म्हणजे एक थाऊ हवा तर जेमतेम पाच अंश. लोक "पाव फेरा खाली घ्या" सांगतात, तो पाव फेरा जवळजवळ १८ थाऊ होतो. सेमीऑटोला उडालेल्या पुंगळीपेक्षा खांदा तीन-चार थाऊ मागे पुरतो. जास्त मागे ढकललात तर पुंगळी पुढे-मागे हलते, बुडाजवळ ताणली जाते आणि तिथून फाटते. शिवाय उडताना प्रायमर मागे येऊन परत चेपला जातो. चपट्या प्रायमरचं हेही कारण असतं, म्हणून नुसता प्रायमर पाहून दाबाचा निकाल लावू नका.

व्हर्नियरमावशी

आता पावडर. "४८९५" एवढंच लिहिलंत, आणि मला नेमकी याचीच भीती होती. एच-४८९५ आणि आयएमआर-४८९५ या दोन वेगळ्या पावडरी आहेत, दोन्हींचे तक्ते वेगळे. ४३५० चंही तेच. डब्यावर काय लिहिलंय ते अक्षरासकट पाहा, आणि तो ग्रुपवरचा आकडा विसरा. लिहिणाऱ्याने कुठली पावडर, कुठली पुंगळी, कुठला प्रायमर, किती लांबी धरली होती हे त्या पोस्टमध्ये नसणारच. लष्करी पुंगळीचं पितळ अनेकदा जाड असतं, आतली जागा कमी, तेवढ्याच पावडरीला दाब जास्त. .२२३ ची सामीने (अमेरिकी उत्पादकांची मानक संस्था) ठरवलेली दाबाची मर्यादा ५५,००० पीएसआय आहे. तिच्या किती जवळ आहात हे डोळ्यांना कळत नाही.

पावडर किंवा गोळी बनवणाऱ्या कंपनीचा चालू तक्ता उघडा, तुमच्या गोळीच्या ओळीतल्या सुरुवातीच्या चार्जपासून चालू करा, लहान पायऱ्यांनी वर जा. दोन स्रोत जुळत नसतील तर कमी आकड्याची सुरुवात धरा. डिजिटल काटा ग्रेनवरच आहे ना ते दर बैठकीला पाहा (एक ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम) आणि चेकवेटने तपासा, पंख्याचा वारा आणि शेजारी ठेवलेला फोन काट्याला भरकटवतात. टेबलावर पावडरचा एकच डबा, दुसरा कपाटात. गोळी बसवण्याआधी ट्रेमधल्या सगळ्या पुंगळ्यांत टॉर्च मारून पातळी पाहा. दुप्पट भरलेली आणि रिकामी राहिलेली, दोन्ही तिथेच सापडतात. रिकामी राहिली तर गोळी नळीत अडकते आणि पुढची तिच्यावर आदळते. उडवताना आवाज "फुस्स" आला की थांबा, नळी तपासल्याशिवाय पुढचं काडतूस नाही.

निवांत_नेमबाज

लेक सिटीच्या पुंगळ्यांचं एक राहिलं. लष्करी पुंगळीत प्रायमरभोवती क्रिंप असतो. तो स्वेज (दाबून) किंवा रीम (कापून) करून काढला नाही तर नवा प्रायमर वाकडा किंवा उंच बसतो. एआरची फायरिंग पिन मोकळी असते, बोल्ट बंद होताना प्रायमरला हलका टोचा देतेच. उंच प्रायमर असेल तर ट्रिगर न दाबता उडू शकतं. प्रायमर बुडाच्या पातळीपेक्षा तीन ते पाच थाऊ खाली हवा. प्रत्येकावरून बोट फिरवा, सपाट धातूची पट्टी ठेवून पाहा. न बसणारा प्रायमर जोर लावून दाबू नका, ती पुंगळी बाजूला.

टेक्सासवाडी

कळलं. भरलेल्या काडतुसांचं काय? साइझिंग डायमधली (जुना प्रायमर काढणारी) पिन काढून परत एकदा दाबली तर फुगवटा जाईल, असं एक जण म्हणतोय.

व्हर्नियरमावशी

नाही. जिवंत प्रायमर आणि पावडर आत असताना पुंगळी डायमध्ये दाबायची नाही, पिन असो वा नसो. तुमचा चार्जही अनोळखी आहे, त्यामुळे बसणारीसुद्धा सगळी उघडायची. पन्नासेक असतील तर हातोडीसारखा कायनेटिक पुलर (आपटून गोळी काढणारा) चालेल. त्याच्यासोबत आलेला कॉलेटच (काडतूस धरणारी चिमट) वापरा, प्रेसचा शेल होल्डर घालून जुगाड नको, आणि डोळ्यांवर गॉगल. जास्त असतील तर प्रेसवर (काडतुसं भरायचं यंत्र) बसणारा कॉलेट पुलर बरा. निघालेली पावडर डब्यात परत ओतू नका. दबलेल्या गोळ्या वेगळ्या ठेवा. प्रायमर असलेल्या पुंगळ्या पिन काढलेल्या डायमधून हळू साइझ करून वापरता येतात, पण चेपलेल्या खांद्याची फेकाच, पितळाचे चार पैसे वाचवायला नको.

कायद्याचं_पान

अवांतर वाटेल, पण हे वाचणाऱ्यांत एच-१बी, एल-१, एफ-१ वाले असणारच. अमेरिकी फेडरल कायद्याने (१८ यूएससी ९२२(जी)(५)) नॉनइमिग्रंट व्हिसावरच्या व्यक्तीला बंदूकच काय, काडतूस जवळ बाळगायलाही मनाई आहे. काही अपवाद आहेत, त्यांतला नेहमीचा म्हणजे कुठल्याही राज्याचं वैध हंटिंग लायसन्स. मित्राच्या प्रेसवर बसून "फक्त मदत" करण्याआधी वकिलाला विचारा. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. धंदा म्हणून भरून विकायची तर वेगळं फेडरल लायसन्स.

आणि भारतात येताना पुंगळीची किचेनसुद्धा बॅगेत नको. शस्त्र अधिनियम १९५९ च्या व्याख्येत काडतुसाचे भाग आणि ते बनवायची यंत्रंही दारूगोळ्यात मोडतात, आणि कलम ५ नुसार परवान्याशिवाय बनवणं गुन्हा आहे. त्यामुळे हा धागा वाचून पुण्यात प्रेस मागवायचा बेत कोणी करू नये.

झटपट_राव

ट्रिमर कुठला घ्यावा? माझ्याकडचा हाताने फिरवायचा आहे, शंभर पुंगळ्यांत मनगट जातं.

थाऊमास्तर

ड्रिलवर बसणारे येतात, त्यांतले काही पुंगळी खांद्यावर टेकवून कापतात. वेगवान आहेत, पण खांदा एकसारखा साइझ झालेला असेल तरच लांबी एकसारखी येते. म्हणून साइझिंग आधी नीट जमवा, मग तो घ्या. दर वीस पुंगळ्यांनी एक व्हर्नियरवर धरत जा, कटरचा स्क्रू ढिला होतो.