घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आयुष्याचा व्हिडिओ करून ठेवावा का?

रानवाट

मुद्दा थेट मांडते. ज्यांच्या घरात सत्तरीपुढचं माणूस आहे त्यांनी त्याला निवांत बोलतं करावं आणि त्याचं आयुष्य त्याच्याच तोंडून व्हिडिओवर घेऊन ठेवावं. तेही 'दिवाळीत बघू' असं न म्हणता, लवकर. आपल्या फोनमध्ये वाढदिवसांचे केक ढिगाने असतात, पण आपल्या माणसानं उभं आयुष्य पोट कसं भरलं याचा एकही तुकडा नसतो.

१९७२ चा दुष्काळ घ्या. पुस्तकात तो रोजगार हमी योजनेच्या जन्माची गोष्ट म्हणून येतो. तेव्हा विशी-पंचविशीत असलेली माणसं आज सत्तरीच्या पुढे आहेत. माझी आत्या दुष्काळी कामांवर खडी फोडायला जायची. रेशनवर मिळालेल्या लाल मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची, भाकरी थापताना कडेनं कशी चिरायची, कामावर मिळालेली सुकडी स्वतः न खाता पोरांसाठी पदरात बांधून कशी आणायची, हे सगळं तिनं सांगितलं. मग मी विचारलं, खडी फोडायची कशी? ती काहीच बोलली नाही. खुर्चीवरून उतरून खाली फरशीवर बसली, पदर खोचला, नसलेला दगड दोन्ही पायांच्या मध्ये धरला आणि हात फक्त खांद्यापर्यंत उचलला. म्हणाली, "लई वर न्यायचा न्हाई. दिसभर पुरला पायजे हात." हे मी लिहून ठेवलं असतं तर एक वाक्य झालं असतं. तो उचललेला हात व्हिडिओतच आहे.

आणखी एक. वंशावळ जपायची रीत आपल्याकडे जुनी आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत, कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी येतात, चोपडी उघडून सात पिढ्या वाचून दाखवतात. पण त्या पिढ्या बहुतेक पुरुषांच्या. बायका कुठून आल्या, कोणत्या वयात आल्या, आल्यावर काय सोसलं, याची नोंद कुणाच्याच चोपडीत नाही. ती आता आपण ठेवू शकतो.

ओसरी

रानवाटताई, आत्यांचा प्रसंग वाचून गलबलून आलं. तरीही मी या मताच्या विरोधात आहे.

माझी आई एरवी इतकं सुरेख बोलते की ऐकत राहावं. भाच्यानं तिच्यासमोर फोन लावला आणि तीच आई हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात मनोगत मांडावं तशी बोलायला लागली. "आमच्या सासूबाई फार प्रेमळ होत्या." प्रेमळ? बाळंतपणात तिला काय खायला मिळायचं हे तिनं मला सांगितलंय, दिवे मालवल्यावर, अंथरुणावर पडून, माझ्याकडे पाठ करून. ते तिनं मला सांगितलं कारण मी तिची मुलगी आहे आणि मलाही सासर आहे. तिच्या नातवासाठी, त्याच्या होणाऱ्या बायकोसाठी, अमेरिकेतल्या पुतण्यासाठी ते नव्हतंच. व्हिडिओला ऐकणारा कोण हे ठरवता येत नाही. म्हणून माणूस त्यापुढे सर्वांना चालेल तेवढंच बोलतो, आणि पुढच्या पिढ्यांना तेच खरं वाटतं. खोटी प्रेमळ सासू मागे ठेवण्यापेक्षा काहीच न ठेवलेलं बरं, असं मला मनापासून वाटतं.

दुसरं म्हणजे भाऊबंदकी. आमच्या एका काकांनी अशाच व्हिडिओत बोलता बोलता बांधावरच्या जमिनीबद्दल दोन वाक्यं सांगितली. तो व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला. दोन घरांचं येणंजाणं अजून बंद आहे.

तारायंत्र

काढायचंच असेल तर व्हिडिओ कशाला, नुसता आवाज घ्या. म्हातारी माणसं दातांची, केसांची, जुन्या साडीची काळजी करत बसतात. फोन उशाशी ठेवला तर पाच मिनिटांत विसरतात. जागेचाही हिशेब करा. फुल एचडीत तासाभराचा व्हिडिओ ४ ते ८ जीबी घेतो, तेवढाच आवाज ६०-७० एमबीत मावतो. फुकट मिळणारं १५ जीबीचं गूगल खातं दोन-तीन बैठकांत भरेल. आणि कुणीही मूळ फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवून 'जपून ठेवली' असं समजू नका, ती दाबली जाऊन बारीक होते. दोन वेगवेगळ्या डिस्कवर, दोन वेगवेगळ्या घरांत ठेवा. लग्नांच्या व्हीएचएस कॅसेटना माळ्यावर बुरशी लागलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहे.

पंखा बंद करा. कुकर उतरवा. बाकी काही लागत नाही.

रानवाट

तारायंत्रदादा, नुसत्या आवाजात आत्याचा हात कुठे दिसला असता? पण उशाशी फोन ठेवून, तिला विसरायला लावून घेणं मला पटत नाही. तिला ठाऊक असायलाच हवं.

ओसरीताई, मनोगत होतं हे खरं आहे, पण ते आपल्या विचारण्यामुळे होतं. "तुमच्या आयुष्याबद्दल सांगा" म्हटल्यावर कुणीही भाषणच करील. लग्नात आलेलं पातेलं हातात द्या, रेशन कार्ड दाखवा, जुन्या घराच्या दारापाशी नेऊन उभं करा. विचारा की पाणी कुठून आणायचात, वाटेत कोण भेटायचं. सासूपर्यंत त्या आपणच पोचतात. पोचल्या नाहीत, तर तेही त्यांचंच ठरवणं.

चाळकरी

माझे वडील लोअर परळच्या कापड गिरणीत होते, साचेखात्यात, म्हणजे मागांवर. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो अधिकृतपणे मागे घेतला असं कधी झालंच नाही. दत्ता सामंतांबद्दल, गिरण्यांच्या जमिनींबद्दल, नंतर उभ्या राहिलेल्या टॉवरांबद्दल भरपूर लिहून-बोलून झालंय. मलाही वाटायचं की वडिलांचं म्हणणं कुठेतरी राहावं.

आम्ही बसलो. सुरुवात छान झाली. पाळीचा भोंगा, खानावळ, कापडावरच्या सुताचे फुफ्फुसात जाणारे तंतू, गणपतीतली भजनं. मग माझ्या मुलानं सहज विचारलं, "आजोबा, मग तुम्ही दुसरी नोकरी का नाही बघितली?" सोळा वर्षांच्या मुलाचा भाबडा प्रश्न. वडील कॅमेऱ्याकडे बघत राहिले. त्यांच्या पिढीला हा प्रश्न चाळीस वर्षं सगळ्यांनी विचारलाय. बायकोनं, मेव्हण्यानं, बँकेतल्या साहेबानं. गावी परत जाऊन दुसऱ्याच्या शेतात राबलेला माणूस त्याला काय उत्तर देणार? ते म्हणाले, "बंद कर ते." मी बंद केलं आणि तेवढा भाग त्यांच्यासमोरच पुसला.

म्हणून माझं मत मधलं नाही, स्पष्ट आहे: ज्याचं आयुष्य त्याचा हक्क. त्याला वाटलं तर घ्या. "आमच्यासाठी, नातवंडांसाठी" हा आग्रह फार गोड असतो आणि म्हाताऱ्या माणसाला तो मोडता येत नाही. आपल्यावर अवलंबून असलेल्या माणसाचा होकार हा होकारच असतो असं नाही.

दप्तर

मला एका वेगळ्या बाजूनं बोलायचंय. इतिहास म्हणून या व्हिडिओंवर फार भिस्त ठेवू नका. आमच्या मराठवाड्यात रझाकारांच्या काळाच्या आठवणी घराघरात आहेत. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजांना शरण आलं, त्याआधीच्या महिन्यांत गावोगाव लोक रानात, सरहद्दीपलीकडे पळत होते. आज ते सांगणारे बहुतेक जण तेव्हा पाच-सात वर्षांचे होते. त्यांना आठवतं त्यात थोरल्यांनी सांगितलेलं किती आणि डोळ्यांनी पाहिलेलं किती, हे त्यांनाही वेगळं काढता येत नाही.

मात्र याचा अर्थ घेऊ नका असा नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, लाखाहून जास्त भरल्या. त्या ओव्यांत तारखा शोधायला कुणी जात नाही, तरी खेड्यातल्या बाईच्या मनाचं इतकं मोठं दप्तर दुसरं नाही. पण ते काम कसं झालं ते बघा. माणसं वर्षानुवर्षं त्याच गावांत जात राहिली, त्याच बायकांपाशी बसत राहिली. आपण मात्र सुट्टीत दोन दिवस घरी जातो, त्यात अर्धा दिवस शूटिंगला ठेवतो. घाईचा व्हिडिओ घाईचीच आठवण देतो.

सातासमुद्र

मी न्यू जर्सीत राहते. माझ्या मुलींना मराठी समजतं, वाचता येत नाही. माझी आजी धुळ्याकडची, तिच्या तोंडात अहिराणी. कॅमेरा लावल्यावर ती "पुस्तकातलं" बोलायला लागली आणि एकदम परकी वाटली. मी तिच्या बहिणीला शेजारी आणून बसवलं. दोघी आपसात बोलायला लागल्या, मी विचारणं सोडून दिलं. मुलींना त्यातलं निम्मं कळत नाही, तरी त्या दोघींचं एकाच वेळी हसणं त्या पुन्हा पुन्हा लावतात. ओसरीताईंना एवढंच सांगेन की माझ्यासारखीला दिवे मालवल्यावर आजीजवळ पडायला मिळत नाही. माझ्याकडे फक्त हेच आहे.

ओसरी

सातासमुद्रताई, तुमचं म्हणणं मनाला लागलं. लांब असणाऱ्यांचं वेगळं, हे मान्य. चाळकरीदादांनी तर माझ्याच मनातलं जास्त नीट मांडलं.

रानवाटताई, एक प्रश्न विचारते आणि थांबते. आत्या गेल्यावर तो व्हिडिओ कुणाचा? तुमच्या भावानं तो यूट्यूबवर टाकला तर?

रानवाट

हे आत्याला आधीच विचारलंय, तेही कॅमेरा चालू असताना. ती म्हणाली, खडीचं कुणालाही दाखव, पोराचं नको. तिचा एक मुलगा त्या वर्षी गेला. तो भाग वेगळा काढून तिच्या लेकीकडे दिलाय, माझ्याकडे ठेवलेला नाही. बाकीचा आमच्या गावच्या शाळेला देणार आहे, त्यालाही ती हो म्हणाली.

ओसरी

मग आत्यांच्या बाबतीत माझी हरकत नाही. आईच्या बाबतीत माझं 'नाही' कायम आहे. तिनं मला जे सांगितलं ते मी कुणाला सांगायचं की नाही, हे मी तिलाच विचारीन.